एकाहत्तरचं इंजन

...एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर! ज्येच्या त्येच्या तोंडात एकाहत्तर! अहो पावणं, साल हाय ते, काय देवाचं नाव न्हाय उठता-बसता घ्यायला! त्या साली जगात दुसरं काय झालंच न्हाय व्हय? पोरं जन्मली न्हाईत? ऊस तुटला न्हाय? फकस्त वडणग्याच्या विजयसिंहाची गाडी तेवढी कारखान्यातनं बाहेर पडली? आन् माझी चौऱ्याहत्तरची. तीन वर्सांचा फरक! आमच्या थोरल्या भावात आन् माझ्यात पाच वर्सांचा हाय, म्हणून काय त्येच्या गळ्यात कोण हार घालत न्हाय! तुम्हाला सांगतो, मी जळत न्हाय हां. जळायचा आमचा स्वभावच न्हाय. पण माणसानं जे हाय ते बोलायचं का न्हाय?

बसा नीट, पहिल्यापास्नं सांगतो. न्हायतर तुम्ही म्हणशीला, ह्यो बावड्याचा ज्ञानू उगंच तणतणतोय.

तर गाडी कसली? अँबॅसिडर. पण सगळी न्हाय. आमच्या बाला दुधाच्या धंद्याला गाडी पायजे हुती, आन् टेम्पो घ्यायचा तर चारचौघांत रुबाब पडत न्हाय, मग बानं काय केलं, जुनी अँबॅसिडर घेतली, उद्यमनगरात नेली आन् मागनं कापली. मागचं शीट काढलं, डिकी काढली, तितं लोखंडी हौदा बसवला. झाली पिकअप! पुढनं बघितलं तर वाटतंय कलेक्टर आला, मागनं बघितलं तर दुधाची वीस क्यानं आन् पेंडीची दोन पोती. लगीनघरापुढं लावली तर माणसं उठून उभी ऱ्हायची, आन् गाडी पुढं गेली की परत खाली बसायची. तवा अशा लई गाड्या हुत्या, आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. आन् ज्येंच्याकडं उरल्यात ते आम्ही सगळे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी रंकाळ्यावर, तळ्याच्या काठाला जमतोय. भजी खायाची, चहा प्यायचा, आन् ह्येच्या गाडीचं साल कुठलं, त्येच्या गाडीचं साल कुठलं, ह्येच्यावर घसा बसंस्तवर भांडायचं. एक पेन्शनीतलं हेडमास्तर हायत, ते बॉनेटवर टिचक्या मारत्यात, कलिंगड बघावं तसं, डोळं मिटून ऐकत्यात आन् म्हणत्यात, "बहात्तर... न्हाय, थांबा... त्र्याहत्तरचा मे महिना!" म्हैना सुदिक! आता काय म्हणायचं ह्या माणसाला?

पण शेवटचा शब्द प्रसेनजीतचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनीअर हाय, आन् कामावरनं सुटला की वडलांच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात. आमच्या दोन्ही गाड्या त्येच्या वडलांनीच कापलेल्या. पोरगं हुशार, बोलणं कमी. त्यो ब्याटरी घिऊन गाडीखाली शिरला की आम्ही सगळी गप, दवाखान्याबाहेर बसल्यागत.

तर त्या रविवारी त्यो आधी विजयसिंहाच्या गाडीखाली शिरला. बाहेर आला, हात पुसलं आन् म्हणाला, "एकाहत्तर. बॉडी आन् इंजन जोडीचं. कापल्यावर परत कशाला हात लावल्याला न्हाय. असली दुसरी पिकअप मी तरी बघितली न्हाय." टाळ्या! हेडमास्तरांनी तर डोळं पुसलं. त्यांचं स्वतःचं लगीन बी एकाहत्तरचंच, कशाला पुसलं कुणास ठावं.

मग माझ्या गाडीखाली शिरला. मी छाती काढून उभा. बाहेर आला. "ज्ञानूदा, बॉडी चौऱ्याहत्तर. जाळी बरोबर, दरवाजं बरोबर. पण हे डिझेलचं इंजन कुणी बसवलं?"

म्हणलं, "आमच्या बानं. अठ्ठ्याऐंशीला."

"मग ओरिजनल म्हणता यायचं न्हाय."

ओरिजनल न्हाय! भर रंकाळ्यावर! हातात भजी, आन् ओरिजनल न्हाय! भजी तशीच हातात ऱ्हायली हो! आन् त्यो विजयसिंह, त्यानं गप बसावं का न्हाय? न्हाय! खांद्यावर हात ठिवला माझ्या आन् म्हणतोय, "असू दे की ज्ञानूदा, डिझेल म्हंजे दमदार काम! तुमच्या गाडीचा आवाज कसा खणखणीत येतोय, आमची चालू हाय का बंद हाय त्ये बी कळत न्हाय." म्हंजे माझी समजूत घालायला लागला! अहो, हिणवलं असतं तर चार शब्द मी बी दिलं असतं, पण ह्यो माणूस चांगला बोलतोय! चांगल्या माणसाशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा! लई वंगाळ असतंय ते.

एवढ्यात काय व्हावं... एक नवरा-नवरी आली. म्हंजे व्हायची हुती अजून, फोटो काढाय आलती, ते लग्नाच्या आधीच एकमेकाच्या गळ्यात पडून काढत्यात ते फोटो. ती नवरी विजयसिंहाच्या बॉनेटवर टेकली, हळद लागायच्या आधीच लाजली, आन् फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून मला काय म्हणतोय? "काका, ती मागची गाडी जरा बाजूला घेता का? मधी यायलीया."

मागची गाडी! अहो तिला नाव हाय, साल हाय, आमच्या बाचा फोटो हाय तिच्यात! घेतली. बाजूला घेतली मी. काय करणार? पण जळलो न्हाय हां मी. फकस्त दोन दीस जेवण गेलं न्हाय एवढंच.

तिसऱ्या दिवशी गेलतो उद्यमनगरात. म्हणलं, "प्रसेनजीत, मला एकाहत्तरचं पेट्रोल इंजन पायजे."

"कशाला?"

"गाडी एकाहत्तरची करायचीय."

त्यानं हातातला पाना खाली ठिवला. म्हणाला, "ज्ञानूदा, माणसाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं म्हणून त्येची जन्मतारीख बदलती व्हय?" बघा! असलं बोलत्यात शिकल्याली! मी म्हणलं, "तू मूत्रपिंड ठेव बाजूला आन् इंजन हुडक." म्हणाला, "तुमच्या वडलांनी बसवल्यालं हाय, छत्तीस-सदतीस वर्सं चाललंय, इचार करा." म्हणलं, "केलाय. रंकाळ्यावर केलाय."

दहा-बारा दिवसांनी त्येचा फोन आला. "ज्ञानूदा, इंजन मिळतंय. एकाहत्तरचंच. चालू हाय, सुरेख हाय. पण आधी ऐकून घ्या, ते कुणाचं..."

म्हणलं, "कुणाचं बी असू दे, एकाहत्तरचं हाय न्हवं? बसव!"

"आवो पण ऐकून तर घ्या..."

"बसव!"

"आन् तुमचं डिझेलचं? ते मागायला एकजण..."

"दे त्येला! कोण बी असू दे! मला त्येचं तोंड बघायचं न्हाय परत."

असं म्हणलो मी. ह्या तोंडानं म्हणलो. आमचा बा फोटोतनं ऐकत असणार, पण फोटोला कुठं बोलता येतंय.

इंजन बसलं. काय सांगू तुम्हाला, लोणी! किल्ली फिरवली तर काय बी ऐकू येईना, मी परत फिरवली, तर करकर्र आवाज आला, मग कळलं की पहिल्यांदाच चालू झालतं. प्रसेनजीतला म्हणलं, कुणाला बोलू नकोस, दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांच्या म्होरं बाहेर काढणार. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी रंकाळ्यावर बी गेलो न्हाय. घरातच गाडीवर चादर टाकून बसलो आन् चादर उचलून उचलून बघत बसलो.

आन् हितनं खरी कथा सुरू हुती बघा.

आमची चंद्री. म्हस. आमच्याच गोठ्यात जन्मल्याली, सात वर्सांची, शिंगं अशी वळल्याली की गवंड्यानं कमान काढावी, सकाळच्या धारंला सहा लिटर, कमी न्हाय. ती चंद्री एकदम बिथरली. धारंला बसलं की लाथ! पान्हाच सोडंना! दोन लिटर, अडीच लिटर, आन् बाकीचं आत. आंबोण बदललं, गूळ चारला, आमच्या कारभारणीनं, झुंबरनं, पाठ चोळली, काय न्हाय. डॉक्टर आलं. तोंड बघितलं, ताप बघितला, म्हणालं, "म्हशीला काय झाल्यालं न्हाय. घरात काय बदललंय का?" म्हणलं, "घरात काय बदलणार डॉक्टर, बायको तीच, मी तोच, पेंड तीच!"

मग माझ्या ध्यानात आलं. नजर! म्हणलं, झुंबर, ही विजयसिंहाची नजर हाय. त्येच्या पोटात दुखायलंय. झुंबरनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या खऱ्या, पण टाकताना म्हणाली काय, "त्यो कशाला नजर लावंल? त्येच्या गोठ्यात बारा म्हशी हायत्या. इकडं-तिकडं बघत तर तुम्हीच असताय." आता ह्या बायामाणसाला काय सांगायचं? बायको कुणाच्या बाजूची असती, मला अजून कळल्यालं न्हाय.

असो. पाडवा आला. आता तुम्ही बाहेरचं पावणं असशीला तर सांगतो, दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशींची मिरवणूक असती. साधीसुदी न्हाय. म्हस धुवायची, शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पायात चाळ बांधायचं, आन् अंगावरचं केस भादरून त्यात नाव कोरायचं. मग मालक मोटरसायकल काढणार, सायलन्सर काढून, फाडफाड करत पुढं पळणार, आन् त्येची म्हस दावं न्हाय, कासरा न्हाय, हजार माणसांतनं बरोबर त्येच्याच गाडीमागं पळणार! दुसऱ्याच्या गाडीकडं ढुंकून बघणार न्हाय. म्हशीला मालकाची गाडी कळती. आन् ज्येची म्हस सरळ पळंल त्येला मानाचा फेटा. बाकीचे मोटरसायकल घिऊन येत्यात, मी दर वर्साला पिकअप घिऊन. गेली दोन वर्सं फेटा माझाच! रंकाळ्यावर काय बी होऊ दे, पाडव्याला बावड्यात ज्ञानूचा नाद करायचा न्हाय, असं हुतं.

आन् औंदा तर मी काय केलतं ठावं हाय? चंद्रीच्या पोटावर, ह्या बाजूला आन् त्या बाजूला, एवढ्या मोठ्या आकड्यात कोरून घेतलं... एकोणीसशे एकाहत्तर! म्हंजे गाडी पुढं आन् साल मागं. कुणाला इचारायची गरजच न्हाय. बोला, डोकं हाय का न्हाय?

माणूस किती जमलं हुतं! हलगी वाजायलीया, शिट्ट्या, प्रसेनजीत आल्याला, हेडमास्तर पुढच्या खुर्चीत. स्पीकरवर पंच ओरडलं, "आता येत्यात मानाचे ज्ञानूदा, चंद्रीला घिऊन!" मी चादर ओढली, गाडीत बसलो, कॉलर ताठ केली, किल्ली फिरवली. लोणी! गाडी निघाली. आरशात बघतोय... चंद्री जाग्यावर.

परत मागं आलो. परत निघालो. चंद्री जाग्यावर! हॉर्न दिला. शेण टाकलं तिनं, बाकी काय न्हाय. मी खाली उतरलो, म्हणलं, "चंद्रे, ये की गं बाय, आपली गाडी हाय." आन् तिनं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं... कोण हो तुम्ही, कुठल्या गावचं? माणसं हसायला लागली. कोण तरी ओरडलं, "ज्ञानूदा, ढकलत न्या की!"

आन् तेवढ्यात... मागनं, त्या गर्दीच्या पलीकडनं आवाज आला. धडाड धडाड धडाड... धड... धडाड. मधी एक ठोका चुकल्याला. अहो, त्यो ठोका मी लहानपणापास्नं ऐकतोय! सायलन्सरला जिथं भोक पडलंय तितनं येणारी ती शिट्टी, ती बी!  आमच्या बाचं इंजन! पण कुठनं?

माझ्या आधी चंद्रीला कळलं. कान ताठ, शेपटी वर, आन् ही सुटली! मी मधी उभा, तर मला वळसा घालून, धुरळा उडवत, चाळ वाजवत, त्या आवाजामागं! गर्दी फाटली, आन् बघतोय तर काय... विजयसिंहाची गाडी! एकाहत्तरची! नवा रंग मारल्याली, ऊन पडून चकाकायलीया. त्यो बिचारा नुसता मिरवणूक बघायला आलता, वाट चुकून मधी घुसल्याला. त्येला कळंना, मागं म्हस का लागलीया. त्यो भ्याला आन् त्यानं गाडी पळवली. जितकी पळवावी तितकी चंद्री जोरात! पुढं एकाहत्तरची गाडी, मागं पोटावर एकाहत्तर कोरल्याली माझी म्हस, सरळ रेषेत, एक फूट इकडं न्हाय का तिकडं न्हाय, कमानीपातूर! हलगीवाला नाचाय लागला. पंच स्पीकरवर बेभान, "काय जोडी हाय! गाडीचं साल म्हशीवर कोरलंय! असा शौकीन बघितला न्हाय!" अहो ते मी कोरलंय! पैलवानागत ओरडलो मी, पण हलगीपुढं कुणाला ऐकू जातंय?

फेटा बांधला त्येला. आन् त्यो विजयसिंह माईक घिऊन काय म्हणला? "पंच, म्हस माझी न्हाय. ज्ञानूदांची हाय. मान त्येंचा हाय." खरं बोलला! तर पंच म्हणत्यात, "बघा! किती मोठं मन!" आन् दुप्पट टाळ्या! आता सांगा, असल्या माणसाचं करायचं काय? जळत न्हाय मी, पण त्या दिवशी माझ्याजवळ कुणी फटाका धरला असता तर पेटवायला काडी लागली नसती.

प्रसेनजीत हळूच आला. "मी फोनवर सांगत हुतो की, ज्ञानूदा. ते इंजन विजयसिंहांचं. पेट्रोल घालून दूध पोचवणं त्यांना झेपंना. म्हणून त्यांचं तुम्हाला, तुमचं त्यांना, सायलन्सरासकट."

"म्हंजे माझ्यात त्येचं आन् त्येच्यात माझं?"

"व्हय. आता दोन्ही बी ओरिजनल न्हाईत."

विजयसिंहाकडं बघितलं, म्हणलं आता तरी ह्येचं तोंड पडंल. तर हसतोय! "आपल्याला काय ज्ञानूदा, दूध येळंवर पोचल्याशी मतलब." म्हंजे ज्या एकाहत्तरपायी मी दोन महिनं वाळलो, ते ह्येला नकोच हुतं! फेकून दिलं ह्यानं! आन् ते मी उचलून घरात आणलं, चादर पांघरली, ओवाळलं!

आन् चंद्री? ती त्येच्या गाडीचं डिझेलचं नळकांडं चाटत उभी. झुंबर तिच्याकडं बघत म्हणाली, "आवो, जन्मल्यापास्नं सकाळी तुम्ही इंजन गरम करताय आन् मग धार काढताय. तिला वाटतंय ह्यो आवाज आल्याबिगर दूध द्यायचंच नसतंय." एवढं डॉक्टरला कळलं न्हाय, मला कळलं न्हाय, आन् हिला उभ्या-उभ्या कळलं.

म्हणलं, "प्रसेनजीत, उलटं कर. माझं मला, त्येचं त्येला." विजयसिंह एका पायावर तयार! पण प्रसेनजीतनं मान हलवली. म्हणाला, "माझ्या वडलांनी एकदा कापली, इंजनं बदलताना मी एकदा कापली. आता परत कापायला गॅस लावला तर सांगाडा मधनं दुमडंल. गाडी रंकाळ्यावर न्हाय, भंगारात जाईल."

मग मोबाईल झाला. त्या इंजनाचा आवाज भरून आणला आन् चंद्रीच्या कानाशी लावला. तिनं मोबाईल हुंगला, चाटला, आन् अर्धं कव्हर खाल्लं. दूध दोन लिटर.

शेवटी कोण धावून आलं असंल? वळखा! "ज्ञानूदा, काळजी करू नका. दहा मिनटांचा तर प्रश्न हाय. मी सकाळी येत जातो की."

आता रोज, तुम्हाला सांगतो, रोज सकाळी सहाला, वडणग्याहून वाट वाकडी करून एकाहत्तरची गाडी माझ्या दारात उभी ऱ्हाती. इंजन चालू. पत्रं थरथरत्यात. विजयसिंह बॉनेटला टेकून उभा, हातात आमच्याच कपात चहा, चंद्रीच्या निरशा दुधाचा. चंद्री त्येच्याकडं तोंड करून उभी, डोळं अर्धं मिटून. आन् मी? मी खाली, उकिडवा, दोन गुडघ्यांत चरवी धरून. जळत न्हाय हो, जळायला तरी सवड कुठं हाय... दोन्ही हात गुंतल्यालं असत्यात. आन् वरनं आमची झुंबर, चुलीवर चहा परत टाकत, गोड आवाजात सांगत असती,

"भावजी, जरा रेस वाढवा की. अजून अर्धा लिटर निघंल."